कुबातची विजार

तीन महिने पुरे होईपर्यंत या कानाची खबर त्या कानाला लागू द्यायची नाही, असं बुरुलनं ठरवलं होतं, आणि ते आपल्याला सहज जमेल याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. नारिनच्या बसस्थानकावर तिकीट खिडकीत बसणारी बाई ती. कोण कुणाबरोबर कुठं गेलं, कोण माहेरी जाते म्हणून सांगून भलतीकडेच उतरलं, कोण गेलं ते परत आलंच नाही, हे सगळं तिच्या पोटात होतं. गावाची एवढी गुपितं जिरवलेल्या पोटाला आणखी एक काय जड जाणार होतं?

गेल्या वर्षी चूक झाली होती. दुसऱ्याच महिन्यात तिनं सासूला सांगितलं. सासूनं, म्हणजे उमसुन एनेनं, शेजारच्या रापियाला सांगितलं, आणि रापियानं उरलेल्या गावाला. पाळणा माळ्यावरून खाली आला, धुऊनपुसून उन्हात ठेवला गेला, आणि काही दिवसांतच मुकाट्यानं परत वर गेला. कुणी एक शब्द बोललं नाही. पण सगळे तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागले, आणि ते हळू बोलणंच तिला सोसेना. म्हणून या खेपेला कुणालाच सांगायचं नाही. सासूला नाही, आणि रशियात, नोवोसिबिर्स्कला इमारतींच्या कामावर असलेल्या नवऱ्यालाही नाही.

नवरा, कुबात, उन्हाळ्यात गवतकापणीला आला होता आणि ऑगस्ट संपता संपता परत गेला. त्याचं तिकीट बुरुलनंच फाडलं. खिडकीतून तिकीट सरकवलं की "पुढचा" म्हणायची तिची सवय. गडबडीत त्यालाही तेच म्हणाली. तो हसत हसत बसमध्ये चढला. ते "पुढचा" तिला अजून डाचत होतं.

तर बेत पक्का होता. दगा दिला तो कपड्यांनी.

पोट दिसत नव्हतं, पण कंबरेनं आपल्या मनानं हातपाय पसरले होते. स्थानकाचा गणवेश म्हणजे गडद निळा घट्ट स्कर्ट. तो शिवणाऱ्याच्या मते तिकीट विकणाऱ्या बाया श्वास घेत नसाव्यात. बसलं की पट्टा पोटात रुतायचा, रुतला की मळमळायचं, आणि खिडकीपलीकडचा म्हातारा विचारायचा, "अत-बाशीची गाडी किती वाजता?" उत्तर द्यायला तोंड उघडावं तर तिकिटाऐवजी भलतंच बाहेर येईल अशी भीती. तिनं केसाचा रबर काजातून ओवून बटणाला अडकवला. एका सकाळी भर रांगेसमोर तो तुटला आणि बटण उडून काचेवर टण्णकन आपटलं.

"काय फुटलं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"काही नाही, बाबा. पुढचा."

घरातले कपडेही त्याच वळणाचे. लग्नात शिवलेले, कंबरेत दाबलेले. मग ती बाजारात गेली. लोखंडी कंटेनरांच्या रांगेत एका बाईकडे सैल, ताणल्या जाणाऱ्या विजारी टांगलेल्या होत्या. बुरुलनं एकीला हळूच हात लावला.

"कितवा महिना?" बाई तिथूनच ओरडली. तिचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा होता.

"माझ्यासाठी नाही. बहिणीसाठी बघतेय. जाड आहे ती."

"किती जाड?"

बुरुलनं हात पसरून दाखवले. घाबरल्यामुळं जरा जास्तच पसरले गेले.

"एवढीला विजार नाही, तंबू लागेल," बाई म्हणाली. "थांब, तू उमसुनची सून ना? रापिया माझी मावसबहीण."

बुरुल थांबली नाही.

घरी येऊन तिनं दार लावलं आणि कुबातची पेटी उघडली. तळाशी त्याची घरात घालायची जुनी विजार होती, निळसर, ढगळ, नाडीची. गुडघ्यांना पोक आलेलं, म्हणजे खुंटीवर टांगली तरी माणूस उकिडवा बसल्यासारखी दिसायची. शेजारी चौकड्यांचा शर्ट होता. बुरुलनं विजार चढवली, नाडी सैल बांधली, आणि कित्येक दिवसांनी पोटभर श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर डिझेलचा, वाळल्या गवताचा आणि कुबातचा वास आत गेला. ती पलंगाच्या कडेवर तशीच बसून राहिली. कपडा अंगाला सुखाचा वाटावा एवढ्यासाठी आपण तो शोधत होतो, आता या सुखानंच रडू का येतंय, हे तिला उमगेना.

त्या दिवसापासून तिचा नेम ठरला. कामावरून आलं की विजार, वरून लांब झगा, त्यावर कापूस भरलेला कोट. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं.

पण कपडा म्हटला की धुवावा लागतो. सासू एका बारशाला गेलेली बघून बुरुलनं विजार धुतली आणि गवताच्या कोठारामागं, भिंतीच्या आडोशाला वाळत घातली. ती भिंत रापियाच्या अंगणाला लागून होती, आणि रापियाच्या अंगणात लाकडं रचलेली होती. त्या लाकडांवर चढून काय काय दिसतं हे रापियाला पाठ होतं.

पुढं जे झालं ते बुरुलला नंतर कळलं. वेळेवर कळलं असतं तर निदान मेंढा वाचला असता.

रापियानं उमसुनला रस्त्यातच गाठलं. "मुलगा आला वाटतं?"

"कोणाचा?"

"तुझा. विजार वाळतेय ना पाठीमागं."

उमसुननं जाऊन पाहिलं. विजार ओली होती. विजारीचे गुडघे तिच्या लेकाच्या गुडघ्यांसारखेच पुढं आलेले होते. ती बराच वेळ त्या ओल्या कापडाला हात लावून उभी राहिली.

"पण मग समोर का येत नाही?" तिनं विचारलं.

"हाकललं असेल," रापिया म्हणाली. "आता रशियातून रोज कुणाला ना कुणाला हाकलतात. माझ्या भाच्यानं आठवडाभर गोठ्यात तोंड लपवलं होतं. लाज वाटते गं पोरांना."

उमसुननं ठरवलं, आपण काही बोलायचं नाही. लेक लाजेनं लपला असेल तर आईनं पांघरूण घालायचं. मुलासुनेची खोली घराच्या टोकाला होती, तिला वेगळं दार होतं, आणि त्या दारातून न विचारता आत पाऊल टाकायचं नाही हा उमसुनचा लग्नापासूनचा शिरस्ता. तिनं तो मोडला नाही. तिनं फक्त जेवण वाढवलं.

संध्याकाळी बुरुलच्या दाराशी झाकलेलं भांडं दिसायला लागलं. बटाट्याबरोबर परतलेलं मटण, कणकेचे तळलेले बोरसोक, साय, एकदा तर अख्खी उकडलेली जीभ. दिवसभर बुरुलला अन्न नकोसं व्हायचं आणि दिवेलागणीला अशी भूक लागायची की कोठारातलं गवतही चाललं असतं. ती भांडं आत घ्यायची आणि चाटूनपुसून बाहेर ठेवायची. रिकाम्या भांड्याकडे बघून उमसुनचे डोळे भरून यायचे. एवढं मटण सुनेच्यानं संपणार नाही, याची तिला खात्री होती.

एका दुपारी बुरुल बरं नाही म्हणून कामावर गेली नव्हती. ती खोलीत पडली होती. बाहेर पावलं वाजली, दाराशी थांबली, आणि सासूचा आवाज आला. उमसुनला वाटत होतं, सून कामावर आहे आणि आत लेक एकटा आहे.

"मी काही विचारत नाही," ती दाराला म्हणाली. "जे झालं ते झालं. त्यात लाज कसली? घर तुझंच आहे. मी आहे तोवर कुणी काही बोलणार नाही. भूक लागली की खा, झोप आली की झोप."

पावलं लांब गेली. बुरुल उशीत तोंड खुपसून रडली. गेल्या वर्षीपासून जे ऐकायची आस होती ते सासू दाराबाहेरून बोलून गेली होती. म्हणजे एनेला कळलंय. आणि कळूनही ती हळू आवाजात बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी चहाला बसल्या तेव्हा उमसुननंच विषय काढला.

"पोरी, मला कळलंय."

"हो, एने. मला वाटलंच."

"कुणाला सांगणार नाही मी. त्याला बाहेर यायचं तेव्हा येईल."

बुरुलला हसू आलं. सासूनं मुलगाच होणार असं धरलं होतं. "घाई करून चालायचं नाही, एने."

"खातो ना पण?"

"मी खाते तेच त्याला."

"त्यात भागतं? मी आणखी ठेवत जाते. थंडी नाही ना लागत?"

"आत ऊब असते."

"आणि हालचाल कशी कधी कळत नाही? दिवसभरात जरासुद्धा चाहूल नाही."

"इतक्यात नाही कळायची. अजून महिना-दीड महिना जाईल."

उमसुनचा चेहरा उतरला. "दीड महिना म्हणजे फार झालं गं," ती म्हणाली, आणि पेल्यात साखर ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती. नातवाला किती आसुसलीय ही, असं बुरुलच्या मनात आलं, आणि तिनं सासूच्या पाठीवरून हात फिरवला.

दीड महिना थांबणं उमसुनला जमण्यासारखं नव्हतं. तिनं आपल्या परीनं तोड काढली. जवळची माणसं बोलवायची, मेंढा कापायचा, सगळ्यांना आधीच बजावून ठेवायचं की टोमणे नकोत, चौकशा नकोत. म्हणजे लेक मानानं बाहेर येईल. शनिवारी बुरुल कामावरून आली तर अंगणात कातडं वाळत पडलेलं आणि सासू आतडी धूत बसलेली.

"उद्या चार माणसं येतायत," उमसुन म्हणाली. "थोरले काका आणि घरातलीच."

"एने, लोक नकोत. अजून तीन महिने पुरे झाले नाहीत."

उमसुनचा हात आतड्यातच थांबला. "तीन महिने? म्हणजे ऑगस्टपासून?"

"ऑगस्टपासूनच. आणखी कधीपासून असणार?"

"म्हणजे तो निघाला, तेव्हाच?"

"त्याच्या आदल्या आठवड्यात असेल," बुरुल लाजून म्हणाली.

उमसुननं पाण्यातला हात बाहेर काढला. म्हणजे लेक रशियाला गेलाच नव्हता तर. बसमागं ती धुळीत उभी राहून रडली, तेव्हा तो पुढच्या वळणावर उतरून मागच्या दारानं घरी आला होता. दर रविवारी "इकडं फार थंडी आहे, एने" म्हणून फोन येतो तो भिंतीपलीकडून. तिला राग यायला हवा होता. पण सगळं मनात फिरवून पाहिलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला फक्त आनंद झालाय. इतके दिवस तो लांब नव्हताच.

"येऊ देत लोकांना," ती म्हणाली. "आता लपवण्यात अर्थ नाही."

रविवारी माणसं आली. थोरले काका सातार अबाके पांढरी उंच टोपी घालून मानाच्या जागी बसले, रापिया दारापाशी बसली, बाकीचे मधे. बुरुलनं विजार, त्यावर झगा, त्यावर कोट असा जामानिमा केला होता. आज सगळे आपल्याकडे बघणार म्हणून ती धास्तावली होती. पण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळे तिच्या खोलीच्या दाराकडे बघत होते.

सातार अबाकेंनी हात पुसले आणि त्याच दाराकडे तोंड करून बोलायला सुरुवात केली.

"आम्ही सगळे तुझीच माणसं आहोत. तुला कुणी काही विचारणार नाही. बाहेर ये, बाबा."

बुरुलनं नकळत पोटावर हात ठेवला. "अबाके, त्याला अजून वेळ आहे."

"किती वेळ लपून राहायचं? रशियानं हाकललं म्हणून माणूस लहान होत नाही."

"रशियानं?" बुरुल म्हणाली. "कुणाला?"

"कुबातला. आणखी कुणाला?"

त्याच वेळी उमसुनचा फोन वाजला. कुबात होता, आणि एरवी नुसता बोलणारा कुबात आज चेहराही दाखवत होता. रापिया हसली. "बघा, भिंतीपलीकडून फोन करतोय."

उमसुननं फोन तोंडासमोर धरला. पडद्यावर लोकरी टोपी, लाल नाक. "एने, ऐकू येतंय का?"

"येतंय रे. आता पुरे कर आणि ये बाहेर. मांस गार होतंय."

"कुठून बाहेर येऊ?"

"मला सगळं कळलंय, बाळा. मी रागावले नाही. खोलीतून बाहेर ये."

"कुठली खोली? मी साइटवर आहे, एने. आज रविवारीही लावलंय कामाला. हे बघ." त्यानं फोन फिरवला. अर्धवट भिंती दिसल्या, उंच क्रेन दिसली, फावड्यानं बर्फ बाजूला करणारी तीन माणसं दिसली. त्यातल्या एकानं हात हलवला. बर्फ खरा होता. नारिनमध्ये त्या दिवशी कोरडं ऊन पडलं होतं.

उमसुन पडद्याकडे बघत राहिली.

मग रापियाच्या तोंडून निघून गेलं, "कुबात तिथं, तर इथं वाळत होती ती विजार कुणाची?"

सातार अबाकेंनी हातातली सुरी ताटात ठेवली. आता मात्र सगळे बुरुलकडे बघायला लागले. घरी नवरा नाही, खोलीला वेगळं दार आहे, रोज दोन माणसांचं जेवण संपतंय. हिशोब सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता. बुरुल उठली. कोट काढून टाकला आणि झगा हातानं गुडघ्याच्या वर उचलला. खाली निळसर विजार होती, पोक आलेल्या गुडघ्यांची.

"मी घालते," ती म्हणाली. "धुतली होती म्हणून वाळत होती."

"माझी विजार?" फोनमधून कुबात म्हणाला. "कशाला?"

"माझं काही मला बसत नाही."

"जाड झालीस?"

"हो."

"एवढ्यात? गेल्या महिन्यात तर म्हणत होतीस, अन्न जात नाही."

रापियानं तोंडावर हात ठेवला. सातार अबाकेंनी घसा साफ करून खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. खोलीतल्या प्रत्येकाला समजलं होतं, राहिला होता तो एकटा बाप.

"जेवण तूच संपवत होतीस?" उमसुननं हळूच विचारलं.

"मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठीच ठेवता."

तेवढ्यात कुबातचा चेहरा पडद्यावर थिजला. तोंड उघडं, डोळे मोठे, पापणी हलत नाही. नेटवर्क गेलं की त्याला कळलं, यावर खोलीत दोन मतं पडली. अखेर त्यानं बाहीनं नाक पुसलं तेव्हा नेटवर्क ठीक असल्याचं सिद्ध झालं.

"खरंच?" तो म्हणाला.

"तीन महिने झाल्यावर सांगणार होते."

"मी..." तो म्हणाला आणि थांबला. मागून कुणीतरी रशियनमध्ये त्याला हाक मारली. "फार थंडी आहे इथं. डोळ्यांत पाणी येतं नुसतं. मी वसंतात येतो. आधी सोडलं तर आधी येतो."

फोन बंद झाला. माणसं एकदम बोलायला लागली, सातार अबाकेंनी दुवा दिली, रापियानं बुरुलला मिठी मारली आणि जाताना निघायची जरा जास्तच घाई केली. दिवस मावळायच्या आत सगळ्या नारिनला कळणार होतं. कुबात परत आलाय हे तिचं आधीच सांगून झालं होतं, तेही आता घरोघर जाऊन मागं घ्यायचं होतं.

उमसुन मात्र गडबडीत कुठं नव्हती. ती काळा पडलेला फोन मांडीवर घेऊन बसली होती. बुरुल तिच्यापाशी खाली बसली.

"एने, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झालाय," उमसुन म्हणाली. "होतोय. थोडा वेळ दे मला. आत्ताच माझा मुलगा परत गेलाय."

बुरुल सासूच्या खांद्याला खांदा लावून बसली. उमसुननं हात पुढं करून विजारीच्या गुडघ्यावरचं पोक चिमटीत धरलं.

"ही तुझ्याकडेच राहू दे. तुला सैल पाहिजे. त्याचं आणखी काही आहे पेटीत?"

"शर्ट आहे. चौकड्यांचा."

"धुतलास?"

"नाही."

"नको धुऊस. तो मला दे."

बुरुलनं शर्ट आणून दिला. उमसुननं तो उलगडला नाही, घडीसकट छातीशी धरला.

"गेले काही दिवस मला फार छान झोप लागायची," ती म्हणाली. "पहाटे पहाटे तुमच्या खोलीतून त्याचं खोकणं ऐकू यायचं. अगदी त्याच्या बापासारखं, पोटातून. मी म्हणायचे, खोक बाबा, इथं आहेस ना. आणि कूस बदलून पुन्हा झोपायचे."

बुरुलनं मान खाली घातली. सांगावं की नाही, हे तिला कळेना.

"एने," ती म्हणाली, "ती मी ओकत होते."

उमसुननं तिच्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे पाहिलं.

"असेल," ती म्हणाली. "पण ऐकायला बरं वाटायचं."